वही चोख होती, मग पैसे गेले कुठे? सिक्युरिटी ऑडिटचे शब्द, दोन बँकांच्या गोष्टीतून

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, किंवा लोकलमध्ये रेंज गेली आणि भाग अर्धवट राहिला, त्यांच्यासाठी हा लेखी भाग. बोलताना माझे जे असंख्य ‘म्हणजे बघा’ होतात, ते थोडे कमी केलेत. बाकी गप्पा तशाच.

इन्फर्मेशन सिक्युरिटी किंवा आयटी ऑडिटच्या नोकरीची जाहिरात उघडली की शब्दांचा पाऊस पडतो. रिस्क, थ्रेट, व्हल्नरेबिलिटी, कंट्रोल, एव्हिडन्स, कम्प्लायन्स. इंटरव्ह्यूला जायचं म्हणून पोरं या व्याख्या पाठ करतात आणि दुसऱ्या दिवशी विसरतात. माझं मत असं की हे शब्द पाठ करण्यासारखे नाहीतच. यातला जवळजवळ प्रत्येक शब्द कुणाचे तरी पैसे बुडाल्यावर घासूनपुसून पक्का झालेला आहे. तेव्हा आज व्याख्यांची यादी नाही. दोन गोष्टी सांगतो, दोन्ही २०१८ सालच्या, एक पुण्याची आणि एक मुंबईची. शब्द त्यातून येतील.

पहिली पुण्याची. कॉसमॉस बँक, १९०६ साली सुरू झालेली सहकारी बँक. पुण्यात कित्येक घरांत आजोबांपासून खातं याच बँकेत असतं. ११ ऑगस्ट २०१८, दुसरा शनिवार, बँकेला सुट्टी. त्या दिवशी काही तासांत जगातल्या २८ देशांमधल्या एटीएममधून कॉसमॉसच्या व्हिसा कार्डांच्या नकलांवर सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले. व्यवहार बारा हजारांच्या वर. शिवाय भारतात रुपे कार्डांवरून सुमारे अडीच कोटी. मग रविवार गेला. सोमवारी, १३ तारखेला, स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय निरोप-यंत्रणेतून आणखी १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले गेले. एकूण आकडा ९४ कोटी ४२ लाख.

आता हे झालं कसं, ते नीट समजून घेऊ, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. तुम्ही एटीएममध्ये कार्ड घातलं की ते मशीन स्वतः काही ठरवत नाही. ते निरोप पाठवतं. निरोप व्हिसा किंवा रुपेच्या जाळ्यातून तुमच्या बँकेच्या ‘स्विच’ नावाच्या सर्व्हरकडे जातो. स्विच बँकेच्या मुख्य प्रणालीला, म्हणजे कोअर बँकिंगला विचारतो : हे खातं आहे का, शिल्लक आहे का, पैसे देऊ का? कोअर बँकिंग हो म्हणालं की स्विच तो होकार परत पाठवतो आणि मशीन नोटा मोजायला लागतं. हल्लेखोरांनी बँकेत मालवेअर घुसवून या स्विचच्या जागी स्वतःचा एक तोतया स्विच उभा केला, प्रॉक्सी स्विच. निरोप त्याच्याकडे यायचे आणि तो कोअर बँकिंगला न विचारताच ‘द्या, द्या’ म्हणायचा. कार्डाच्या नकला जगभर वाटलेल्या होत्याच.

म्हणजे बघा, बँकेची मुख्य वही या सगळ्या काळात स्वच्छ होती. तिला कुणी काही विचारलंच नाही. खातेदारांच्या शिल्लकेला धक्का लागलेला नाही असं बँकेने तेव्हा सांगितलं, त्याचं कारणही हेच. पैसे गेले ते बँकेचे.

इथे आपले पहिले तीन शब्द. माहिती सुरक्षेचं कुठलंही पुस्तक उघडा, पहिल्याच प्रकरणात कॉन्फिडेन्शिअ‍ॅलिटी, इंटेग्रिटी आणि अव्हेलेबिलिटी. मराठीत गोपनीयता, अखंडता, उपलब्धता. गोपनीयता म्हणजे ज्याने पाहायचं त्यानेच पाहावं. कार्डांचा तपशील बाहेर गेला आणि त्यावर नकला बनल्या, तिथे ती तुटली. अखंडता म्हणजे माहिती किंवा निरोप मधे कुणी बदललेला नसावा. बँकेच्या नावाने तिसऱ्याच कुणीतरी होकार दिला, तिथे ती तुटली. आणि उपलब्धता म्हणजे हवं तेव्हा सेवा चालू असणं. हल्ला कळल्यावर बँकेला एटीएम, नेट बँकिंग, मोबाइल बँकिंग काही काळ बंद ठेवावं लागलं. आपल्याकडे ‘हॅक झालं’ म्हटलं की लोक फक्त पहिलीचा विचार करतात, डेटा लीक झाला का एवढंच विचारतात. पैशाच्या धंद्यात मला सगळ्यात भीती वाटते ती मधल्या शब्दाची. गुपित फुटलं तर निदान कळतं की फुटलं. खोटा होकार खऱ्यासारखाच दिसतो.

पुढचा त्रिकूट म्हणजे व्हल्नरेबिलिटी, थ्रेट, रिस्क. इंटरव्ह्यूमध्ये हमखास विचारतात आणि हमखास गोंधळ होतो. सोसायटीच्या मागच्या फाटकाची कडी नीट लागत नाही, ही व्हल्नरेबिलिटी, कच्चा दुवा. त्या भागात रात्री फिरणारे भुरटे चोर, हा थ्रेट, धोका. आणि ते चोर त्याच फाटकातून येण्याची शक्यता किती, आले तर जाईल किती, या दोन्हींचा मिळून जो अंदाज, ती रिस्क, जोखीम. फाटकाच्या आत नुसती पडीक जागा असेल तर कडी तशीच राहू द्या. सायकली ठेवलेल्या असतील तर आज संध्याकाळी दुरुस्त करा. कडी तीच, जोखीम वेगळी. कडी सरकवून आत शिरायची जी नेमकी युक्ती, तिला एक्स्प्लॉइट म्हणतात.

धोक्याची आगाऊ खबर मिळणं म्हणजे थ्रेट इंटेलिजन्स. कॉसमॉसच्या हल्ल्याच्या आदल्याच दिवशी, १० ऑगस्टला, अमेरिकेच्या एफबीआयने बँकांना गोपनीय इशारा पाठवला होता की नकली कार्डं वापरून जगभरातल्या एटीएममधून एकदम रोकड काढण्याची मोहीम येऊ घातली आहे. ही बातमी बाहेर आली १२ तारखेला. तोपर्यंत इकडे नोटा मोजून झाल्या होत्या. इशारा असणं आणि तो योग्य माणसाच्या टेबलावर वेळेत असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

या प्रकरणाचा पुढे तपास झाला. नकली कार्डं घेऊन कोल्हापूरसारख्या ठिकाणी एटीएमसमोर उभी राहिलेली माणसं पकडली गेली आणि २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवलं. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०१९ च्या अहवालात हा हल्ला उत्तर कोरियाशी जोडला. गणेशखिंड रस्त्यावरची बँक आणि प्याँगयांग एकाच अहवालात! असो.

आता मुंबईची गोष्ट

हिच्यात हॅकर नाही, मालवेअर नाही, परदेशी टोळीही नाही. पंजाब नॅशनल बँकेची फोर्ट भागातली ब्रॅडी हाउस शाखा. हिऱ्यांच्या व्यापाऱ्यांना आयातीसाठी परकीय चलनात कर्ज लागतं. त्यासाठी बँक ‘लेटर ऑफ अंडरटेकिंग’, म्हणजे हमीपत्र द्यायची : परदेशातल्या दुसऱ्या बँकेच्या शाखेला स्विफ्टवरून निरोप जायचा की याला पैसे द्या, नाही फेडले तर आम्ही बसलोय. समोरची बँक स्विफ्टचा निरोप पाहून पैसे सोडायची. अशी हमी देण्याआधी ग्राहकाची कर्जमर्यादा मंजूर हवी किंवा तारण म्हणून रोख मार्जिन हवं, आणि हमीची नोंद बँकेच्या कोअर बँकिंगमध्ये हवी.

तपास यंत्रणांचा आरोप असा की शाखेतल्या काही कर्मचाऱ्यांनी अनेक वर्षं मर्यादा किंवा मार्जिन नसताना असे निरोप पाठवले आणि कोअर बँकिंगमध्ये त्यांची नोंदच केली नाही. जुनी हमी फेडायची वेळ आली की नवी काढायची. हे शक्य झालं कारण स्विफ्ट आणि कोअर बँकिंग या दोन प्रणाली एकमेकींना जोडलेल्या नव्हत्या. स्विफ्टमध्ये निरोप टाकणं वेगळं काम, वहीत नोंद करणं वेगळं काम. दुसरं केलं नाही तरी पहिलं अडत नव्हतं.

यातले एक अधिकारी मे २०१७ मध्ये निवृत्त झाले. जानेवारी २०१८ मध्ये त्याच कंपन्यांचे लोक पुन्हा हमी मागायला आले. नव्या अधिकाऱ्याने नियमाप्रमाणे शंभर टक्के मार्जिन मागितलं. ते म्हणाले, आधी तर कधी लागलं नाही! आधीचं काय आहे म्हणून वही उघडली, तर आधीचं काहीच नाही. फेब्रुवारीत बँकेने शेअर बाजाराला कळवलेला आकडा अकरा हजार कोटींच्या वर होता, नंतर तो आणखी वाढला.

किती मोठा घोटाळा, आणि तो पकडला कसल्या मोठ्या सॉफ्टवेअरने नाही, तर एका अधिकाऱ्याच्या ‘मार्जिन आणा’ या साध्या मागणीने. मला यातला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो.

कंट्रोल हा शब्द इथून समजून घेऊ. जोखीम कमी करण्यासाठी केलेली कुठलीही तजवीज म्हणजे कंट्रोल. तो सॉफ्टवेअरच असला पाहिजे असं नाही. मार्जिन मागणं हाही कंट्रोलच. गोष्ट घडूच नये म्हणून असतो तो प्रिव्हेंटिव्ह, घडली तर कळावी म्हणून असतो तो डिटेक्टिव्ह, आणि घडल्यावर सावरायला करेक्टिव्ह. दारावरचं कुलूप, जिन्यातला कॅमेरा आणि घरफोडीचा विमा, बस.

डिटेक्टिव्ह कंट्रोलचं मला आवडणारं उदाहरण शेजारच्या देशातलं आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेच्या न्यूयॉर्कमधल्या खात्यातून ८ कोटी १० लाख डॉलर पळवले गेले. त्या बँकेत एक प्रिंटर होता. स्विफ्टचा प्रत्येक निरोप आपोआप कागदावर छापायचा, एवढंच त्याचं काम. हल्लेखोरांनी नेमकं ते छापणं बंद पाडलं. कर्मचाऱ्यांना वाटलं, प्रिंटर पुन्हा बिघडला. कुठल्याही ऑफिसात प्रिंटर बिघडणं ही काय बातमी आहे का? पण तो प्रिंटर हाच तिथला पहारेकरी होता. म्हणून ऑडिटर जेव्हा ‘अलर्ट बंद पडला तर तुम्हाला कसं कळतं?’ असं विचारतो, तेव्हा डोळे फिरवू नका.

पीएनबीच्या गोष्टीतले बाकीचे शब्द माणसांबद्दलचे आहेत. मेकर-चेकर : एकाने नोंद टाकायची, दुसऱ्याने तपासून मंजूर करायची. सेग्रिगेशन ऑफ ड्यूटीज, म्हणजे कामांची विभागणी : सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच माणसाच्या हाती व्यवहार नको. गणपती मंडळात पावती फाडणारा आणि पैसे मोजून बँकेत भरणारा वेगळा ठेवतात ना, तेच. लीस्ट प्रिव्हिलेज : कामाला लागेल तेवढाच अधिकार, एक चावी जास्त नाही. जॉब रोटेशन : एकाच खुर्चीत वर्षानुवर्षं एकच माणूस नको, कारण खुर्ची बदलली की नवा माणूस प्रश्न विचारतो. ब्रॅडी हाउसमध्ये तेच झालं, फक्त फार उशिरा.

ऑथेंटिकेशन आणि ऑथरायझेशन या जोडीत लोक कायम अडकतात. ‘तू कोण?’ याचं उत्तर म्हणजे ऑथेंटिकेशन. पासवर्ड, ओटीपी, बोटाचा ठसा. ‘तुला हे करायची परवानगी आहे का?’ याचं उत्तर म्हणजे ऑथरायझेशन. तुमच्या फोनचं लॉक उघडणं पहिलं. एखाद्या अ‍ॅपला कॅमेरा वापरू द्यायचा की नाही हे दुसरं. आणि या दोघांच्या पाठीशी उभा असतो नॉन-रेप्युडिएशन हा अवघड वाटणारा शब्द. साधा अर्थ, नंतर ‘ते मी केलंच नाही’ म्हणता येऊ नये. आता सांगा, ऑफिसात तीन जण एकच लॉगिन वापरत असतील तर या शब्दाचं काय झालं? मेकर एकाच्या नावाने, चेकर दुसऱ्याच्या नावाने, आणि दोन्ही पासवर्ड एकाच्याच डायरीत. कागदावर कंट्रोल जिवंत, प्रत्यक्षात केव्हाच गेलेला.

मग ऑडिटर काय करत होते?

हा प्रश्न दोन्ही प्रकरणांनंतर सगळ्यांनी विचारला. आपल्याकडे बँकांत अंतर्गत ऑडिट असतं, चालू व्यवहारांवर लक्ष ठेवणारं कन्करंट ऑडिट असतं, बाहेरचं वैधानिक ऑडिट असतं, वर रिझर्व्ह बँकेची तपासणी. एवढे डोळे असून दिसलं कसं नाही?

उत्तरासाठी ऑडिट चालतं कसं ते पाहू. ऑडिटर तुमच्या शब्दावर विश्वास ठेवत नाही, तो एव्हिडन्स मागतो, पुरावा. ‘आमच्याकडे नोकरी सोडलेल्या माणसाचं लॉगिन लगेच बंद करतात’ हे वाक्य झालं. सोडलेल्यांची यादी, प्रत्येकाची शेवटची तारीख आणि लॉगिन बंद झाल्याची तारीख, हा पुरावा. आमच्या टीममध्ये ऑडिट जवळ आलं की स्क्रीनशॉटमध्ये कोपऱ्यातली तारीख-वेळ दिसतेय ना, यावर चर्चा झडतात. हसू येतं, पण त्या कोपऱ्याशिवाय त्या स्क्रीनशॉटला काही अर्थ नसतो.

ऑडिटर दोन प्रश्न वेगवेगळे तपासतो. कंट्रोलची आखणी बरोबर आहे का, हा डिझाइनचा प्रश्न. आणि तो खरोखर वर्षभर चालला का, हा ऑपरेटिंग इफेक्टिव्हनेसचा. दोघांनी सही करायची असा नियम असणं हे डिझाइन. वर्षभरातल्या व्यवहारांवर खरंच दोन सह्या असणं हे दुसरं. सगळे व्यवहार तपासणं शक्य नसतं, म्हणून तो त्यातले काही निवडतो. याला सॅम्पलिंग म्हणतात. ज्या एकूण ढिगातून सॅम्पल निवडतो, त्या ढिगाला पॉप्युलेशन.

आणि इथे गोम आहे. समजा ऑडिटर शाखेत आला आणि म्हणाला, वर्षभरात दिलेल्या सगळ्या हमीपत्रांची यादी द्या, त्यातली पंचवीस तपासतो. यादी कुठून काढणार? कोअर बँकिंगमधून. त्या पंचवीसच्या पंचवीस हमीपत्रांत मर्यादा मंजूर, मार्जिन जमा, सह्या जागेवर. रिपोर्ट स्वच्छ! कारण ज्यांत गडबड होती ती यादीतच नव्हती. पंचवीसच्या जागी पाचशे तपासली असती तरी तेच. सॅम्पल वाढवून उपयोग नाही, पॉप्युलेशनच अर्धवट आहे.

म्हणून मला विचाराल तर या सगळ्या शब्दसंग्रहातला सगळ्यात किमती शब्द आहे कम्प्लीटनेस, पूर्णता. इंटरव्ह्यूची तयारी करून देणाऱ्या याद्यांमध्ये तो क्वचितच दिसतो. ‘ही यादी पूर्ण आहे हे तुला कसं माहीत?’ हा प्रश्न. यादीत जे आहे ते खरं आहे का, हे तपासणं सोपं आहे, कारण ते समोर असतं. जे यादीत नाही त्याचं काय?

याला उपाय जुनाच आहे आणि तो आपल्या सगळ्यांच्या आजीला येतो. घरात कालनिर्णय टांगलेलं असतं, त्यावर रोजच्या दुधाचा आकडा. दूधवाल्याकडे त्याची स्वतःची डायरी. महिनाअखेरीला दोन्ही समोर ठेवून ताळा करायचा. पंधरा तारखेला आपल्याकडे एक लिटर, त्याच्याकडे दोन, असं का? पाहुणे आले होते का? यालाच रिकन्सिलिएशन म्हणतात. यात महत्त्वाचं हे की नोंदी दोन आहेत, लिहिणारे हात दोन आहेत, आणि एकाला दुसऱ्याची वही खोडता येत नाही. कालनिर्णयावरचे आकडे दूधवाल्यानेच लिहायचे ठरले, तर ताळा दर महिन्याला अगदी चोख जुळेल.

आता मागे वळून दोन्ही गोष्टी शेजारीशेजारी ठेवा. एकीत परदेशी हॅकर, दुसरीत शाखेतलीच माणसं असल्याचा आरोप. एकीत सगळा खेळ काही तासांचा, दुसरीत काही वर्षांचा. पण भोक एकाच जागी. पैसे सोडणारी यंत्रणा एक, हिशेब ठेवणारी यंत्रणा दुसरी, आणि पहिली दुसरीला न विचारता पैसे सोडू शकत होती. पुण्यात स्विचने कोअर बँकिंगला विचारलं नाही. मुंबईत स्विफ्टला विचारावंच लागत नव्हतं. पीएनबीने रोज स्विफ्टमधून गेलेले निरोप आणि कोअर बँकिंगमधल्या नोंदी यांचा ताळा दुसऱ्याच कुणाकडून करून घेतला असता, तर पहिल्याच आठवड्यात ‘हा निरोप कुठला?’ असा प्रश्न आला असता. प्रणाली जोडलेल्या नसतील तर असा हाताने केलेला ताळा हाच तिथला कॉम्पेन्सेटिंग कंट्रोल, म्हणजे मूळ बंदोबस्त नाही तोवरची पर्यायी सोय.

तपासताना जे सापडतं त्याला फाइंडिंग म्हणतात. चांगल्या फाइंडिंगमध्ये काय असायला हवं होतं, प्रत्यक्षात काय आहे, का आहे आणि त्याने काय होऊ शकतं, हे सगळं येतं. ‘पासवर्ड पॉलिसी सुधारावी’ हे फाइंडिंग नाही, तो सुविचार आहे. फाइंडिंग निघालं की ते दुरुस्त करणं म्हणजे रेमेडिएशन. आणि खरी रड इथे असते. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१८ मध्ये जाहीरपणे सांगितलं की स्विफ्टच्या अशा गैरवापराबद्दल ऑगस्ट २०१६ पासून बँकांना किमान तीनदा गोपनीय इशारे दिले होते. धोका माहीत होता, लेखी होता. पीएनबी प्रकरणानंतर दोन्ही प्रणाली जोडायला ३० एप्रिल २०१८ ची मुदत दिली. आणि मार्च २०१९ मध्ये, स्विफ्टबद्दलच्या सूचना वेळेत न पाळल्याबद्दल ३६ बँकांना मिळून ७१ कोटींचा दंड झाला. म्हणजे एवढा तमाशा डोळ्यांसमोर होऊनही.

एखादी जोखीम माहीत असून तूर्त तशीच ठेवायची, यालाही अधिकृत शब्द आहे, रिस्क अ‍ॅक्सेप्टन्स. ते चूक नाही. सगळी फाटकं दुरुस्त करायला पैसे कुणाकडेच नसतात. सगळे कंट्रोल लावून जी शिल्लक उरते ती रेसिड्युअल रिस्क, आणि ती स्वीकारली तर वरिष्ठाच्या सहीने, कारण लिहून, मुदत घालून स्वीकारायची. नुसतं ‘बघू पुढच्या क्वार्टरला’ म्हणणं म्हणजे जोखीम स्वीकारणं नव्हे, तिच्याकडे पाठ फिरवणं.

दोन-तीन शब्द पटकन उरकतो, कारण जाहिरातींत ते असतातच. व्हल्नरेबिलिटी असेसमेंट म्हणजे कच्चे दुवे शोधून यादी करणं, बरंचसं स्कॅनरचं काम. पेनिट्रेशन टेस्ट म्हणजे परवानगी घेऊन खरंच आत शिरून दाखवणं. ऑडिट म्हणजे ठरलेल्या निकषांशी पुराव्यानिशी ताडून पाहणं. तिन्ही वेगळे. ‘आमचं पेन टेस्टिंग झालंय, आता ऑडिट कशाला’ हे ‘रक्त तपासलंय, आता बीपी कशाला’ असं झालं. आयएसओ २७००१ हे प्रमाणपत्र सांगतं की माहिती सुरक्षेचं काम करायची एक शिस्तशीर पद्धत त्या संस्थेत आहे. २०२२ च्या आवृत्तीत परिशिष्टातले कंट्रोल ९३ आहेत, आधी ११४ होते. पण प्रमाणपत्र भिंतीवर दिसलं की त्यावरचा स्कोप वाचा. कधी सगळी कंपनी असते, कधी फक्त एका मजल्यावरचं डेटा सेंटर. स्कोपबाहेरच्या खोलीत काय चाललंय याबद्दल ते प्रमाणपत्र एक अक्षर बोलत नाही. पुन्हा तोच प्रश्न बघा, यादीत काय नाही?

आणि लॉग. कुणी, कधी, कुठून, काय केलं याची आपोआप होणारी नोंद. असे लॉग जोडून घटनेची जी साखळी उभी राहते ती ऑडिट ट्रेल. भारतात सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांना लॉग १८० दिवस जपून ठेवावे लागतात आणि ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवाव्या लागतात. त्याच निर्देशांत आणखी एक मजेशीर वाटणारी अट आहे, सगळ्या सर्व्हरची घड्याळं सरकारी वेळेशी जुळवून ठेवा. का? कारण एका सर्व्हरवर घटना ३ वाजून ५ मिनिटांची आणि दुसऱ्यावर तीच ३ वाजता नोंदली गेली असेल, तर आधी चोर आला की आधी दार उघडलं, हेच ठरवता येत नाही.

आता हे सगळं बँकांचं झालं. आपल्यापैकी बहुतेकांकडे एक फोन आणि दोन-तीन खाती. तर तुमच्या खात्याचाही ताळा तुम्हालाच करायचा आहे, आणि त्याला चक्क कायद्याचं वजन आहे. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ ला परिपत्रक काढलं, अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांत ग्राहकाची जबाबदारी किती, यावर. चूक बँकेची नाही, तुमचीही नाही, मधेच कुठेतरी यंत्रणेत गडबड झाली, अशा प्रकरणात त्या परिपत्रकानुसार बँकेचा मेसेज आल्यापासून ३ कामाच्या दिवसांत तुम्ही कळवलं, तर तुमचं नुकसान शून्य. ४ ते ७ दिवसांत कळवलं तर काही मर्यादेपर्यंत तुमच्या खिशातून. त्यापुढे बँकेच्या धोरणावर. ओटीपी तुम्हीच कुणाला सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. आणि चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायचं ओझं त्या परिपत्रकाने बँकेवर टाकलं. म्हणजे तुमचा एसएमएस अलर्ट हाच तुमचा डिटेक्टिव्ह कंट्रोल. तो बांगलादेशातल्या त्या प्रिंटरसारखा आहे. सिम बदललं, नंबर बदलला, बँकेत जुनाच नंबर राहिला, तर तो गुपचूप बंद पडलेला असतो आणि तुम्हाला वाटतं, व्यवहारच झाला नाही.

आई-बाबांच्या खात्याला कुठला नंबर जोडलाय ते आज एकदा विचारून बघा. बऱ्याच घरांत तो दहा वर्षांपूर्वी बंद झालेल्या सिमचा निघतो. आणि कधी नको तो मेसेज आलाच, तर आधी बँकेला कळवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. फोन ठेवण्याआधी तक्रारीचा क्रमांक मागून घ्या, आणि तो तारीख-वेळेसह लिहून ठेवा.